उभ्याने तण उपटायचं यंत्र: एकदांडीला पैकीच्या पैकी, आंबुशीला नापास

आधी वस्तू काय ते सांगतो. लांब दांडा, खाली चार नखं, बाजूला पाय ठेवायला पेडल. तणाच्या डोक्यावर नखं धरायची, पायाने दाबायची, दांडा पेडलच्या बाजूला झुकवायचा. नखं मिटतात आणि तण मुळासकट वर येतं. मग दांड्यावरची मूठ खाली ओढली की नखं उघडतात आणि तण बादलीत पडतं. वाकायचं काम नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन १,६४९ रुपयांना घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर याच आकाराची आठ-दहा नावांची यंत्रं तिथे दिसतात आणि सगळी एकाच साच्यातून निघाल्यासारखी आहेत. दुसरं म्हणजे माझी त्यांच्याशी थोडी वाजली, ते पुढे येईल.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला २९ वर्षं शिकवलं. त्यामुळे खोकं उघडलं की मी आधी व्हर्नियर शोधतो. घरात ही सवय कोणालाच आवडत नाही, पण परीक्षण लिहायचं तर आकडे हवेत. लांबी ९८ सेंटिमीटर, वजन १ किलो ३५० ग्रॅम, नखं ८५ मिलिमीटर. नखांची जाडी साडेतीन मिलिमीटर भरली, ती बरी म्हणायची. दांडा ॲल्युमिनियमचा पोकळ नळीचा. खोक्यावर स्टेनलेस स्टील लिहिलंय. शेजारच्या एका गृहस्थांनी लगेच चुंबक लावून ‘चिकटतंय, म्हणजे फसवलं’ असा निकाल दिला. तसं नसतं. स्टेनलेसच्या काही जातींना चुंबक चिकटतंच. निकाल पावसाने दिला. तीन आठवड्यांनी नखं स्वच्छ होती, पेडलच्या वेल्डिंगवर मात्र तांबेरा चढला होता.

आता मला हे यंत्र का लागलं ते. घर नाशिकला मखमलाबादच्या बाजूला, २०१९ साली बांधलं. पुढे २२ बाय १८ फुटांची जागा उरली. मुलाचा हट्ट लॉनचा, माझा मेथी-कोथिंबिरीचा. मुलगा जिंकला आणि नोकरीसाठी बंगळुरूला निघून गेला. लॉन माझ्या गळ्यात. जमीन काळी, म्हणून दोन ब्रास लाल माती टाकून सहा इंचांचा थर केला आणि त्यावर ‘सिलेक्शन वन’ जातीच्या लॉनगवताचे चौकोन बसवले. कंपाउंडच्या कडेला लाल माती कमी पडली, तिथे तीन इंचांखाली लगेच काळी लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, यंत्राच्या परीक्षेत तिचा संबंध येणार आहे.

तिसऱ्या पावसाळ्यात नळाच्या कोपऱ्यात पिवळी फुलं दिसली. सौ. म्हणाली, “अहो, किती नाजूक आहेत, राहू द्या ना.” मी राहू दिली. पुढच्या वर्षी ती तुळशीवृंदावनापर्यंत आली आणि त्याच्या पुढच्या वर्षी फाटकापर्यंत. दरम्यान माझा उजवा गुडघा बदलला. मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं तर अजिबात नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे खुरपं हातात घेऊन बसणं बंद. उभ्याने तण निघतं अशी जाहिरात दिसल्यावर मी अर्ध्या तासात पैसे भरले. घाई झाली. यंत्र कोणत्या तणासाठी बनलंय आणि माझ्या अंगणात कोणतं तण आहे, हे दोन प्रश्न मी स्वतःला विचारायला हवे होते. वर्गात पोरांना मी तेच सांगायचो, आधी नट बघ, मग पाना उचल.

तर माझ्या लॉनमधली पिवळी फुलं म्हणजे आंबुशी. कोणी आंबुटी म्हणतात. शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा. एका देठाला तीन पानं आणि प्रत्येक पान पत्त्यातल्या बदामासारखं, खाच बाहेरच्या बाजूला. संध्याकाळी आणि भर उन्हात ही पानं छत्रीसारखी मिटून खाली लोंबतात. फूल पाच पाकळ्यांचं, पिवळं, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. फुलानंतर उभ्या शेंगा येतात, पाच धारांच्या, टोकदार, थेट भातुकलीतल्या भेंड्या वाटाव्यात अशा. या भेंड्या दिसल्या की दुसरी कुठली खूण बघायची गरज नाही.

तरीही फसायला होतं, कारण लॉनमध्ये तीन पानांची रानमेथीही असते. तिची पानं आंबुशीसारखी नीट बदामाची नसतात, टोकाला जराशी चेपल्यासारखी असतात. फूल जांभळट-गुलाबी, आणि शेंग गाठीगाठींची. शंका असेल तर पान जिभेवर ठेवावं. चिंचेसारखं आंबट लागलं तर आंबुशी. मात्र लॉनवर कधीच कसली फवारणी झालेली नाही याची खात्री असेल तरच ही परीक्षा करा. हा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा. लहानपणी आम्ही शाळेच्या वाटेवर हा पाला चघळायचो, आणि आजी त्यानेच देवाची तांब्याची भांडी घासायची. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी चघळण्याच्या भानगडीत पडू नये.

लॉनमधलं दुसरं फुलणारं तण म्हणजे एकदांडी. हिला दगडी पाला किंवा कंबरमोडीही म्हणतात. खाली पसरलेली खरखरीत दातेरी पानं आणि वर वीतभर लांब एकच दांडी, तिच्या टोकाला पिवळ्या मध्याचं पांढरट फूल. खरचटलं की जिचा पाला चोळून लावायचे तीच. मूळची अमेरिकेतली, आता आपल्याकडे एकही रस्ता तिच्यावाचून नाही. बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं, म्हणून ती लॉनमध्ये कुठूनही येते. पण रोप लहान असतं तेव्हा तिला एकच ठसठशीत सोटमूळ असतं.

आता परीक्षा. पहिला दिवस मी एकदांडीला दिला. रात्री पाऊस होऊन सकाळी ऊन पडलेलं, लाल मातीत छान वाफसा आलेला, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही. ४० मिनिटांत ४६ रोपं काढली, त्यातली ३९ पूर्ण मुळासकट आली. मूठ ओढली की तण खटकन बादलीत. घाम नाही, कंबर नाही, गुडघा नाही. मी इतका खूश झालो की आत जाऊन सौ.ला बाहेर बोलावलं. तिने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, “लॉनला भोकं पडतायत.” पडत होती. प्रत्येक रोपाबरोबर दीड-दोन इंच व्यासाचा मातीचा गोळा निघतो. एकदांडीचं रोप लॉनमध्ये सुटं-सुटं असतं, त्यामुळे भोकंही सुटी पडतात. त्यात मूठभर लाल माती आणि शेणखत कालवून भरलं की पंधरा दिवसांत गवत धावून जागा बुजवतं. हा दोष मी धरत नाही.

दुसऱ्या दिवशी आंबुशी. ३० वेळा यंत्र लावलं, पूर्ण मूळ आलं ७ वेळा. कारण तिची बांधणीच वेगळी आहे. मधलं मूळ सुतळीहूनही बारीक, नखं मिटली तरी त्यांच्या फटीतून निसटतं. आणि त्या मधल्या मुळापासून दोऱ्यासारखे आडवे धुमारे गवताच्या खालून चहूकडे जातात आणि पेरापेराला नवी मुळं सोडतात. यंत्राने मधला गोळा उचलला की हे धुमारे तटकन तुटतात आणि प्रत्येक तुकडा आपापल्या पेरावर जिवंत राहतो. म्हणजे माझ्या १,६४९ रुपयांनी एका रोपाची चार रोपं केली. शिवाय आंबुशी गच्च जाळीने वाढते, त्यामुळे भोकं इतकी जवळ पडली की नळाच्या कोपऱ्यात उंदीर-घुशींची वसाहत असावी असं दिसायला लागलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. त्या भेंड्या पिकल्या की फटाक्यासारख्या फुटतात. हात लागला, पाय लागला, तरी बी उडतं. मी नखं दाबत होतो, दांडा हलवत होतो आणि पायाच्या आसपास तडतड आवाज येत होता. हाताला बारीक काहीतरी टोचल्यासारखं लागत होतं. उत्सुकता म्हणून एका कुंडीतली पिकल्या शेंगांची आंबुशी पांढऱ्या चादरीच्या मधोमध ठेवली आणि पेन्सिलने टिचकी मारली. तपकिरी, दाणेदार, खसखशीएवढं बी चादरीच्या कडेपर्यंत पोचलं, म्हणजे माझ्या टेपने एक मीटर दहा. त्यापुढे चादर नव्हती. तेव्हा शेंगा पिकलेल्या आंबुशीवर असलं कुठलंही दणके देणारं यंत्र चालवणं म्हणजे स्वतःच्या हाताने पेरणी.

तिसरी परीक्षा काळ्या मातीची, कंपाउंडच्या कडेला. पाऊस ताजा असताना नखांमध्ये चिखल असा बसतो की मूठ ओढूनही निघत नाही, दर वेळी काडीने खरवडावा लागतो. चार दिवस उघडीप दिली तर तीच माती अशी टणक होते की माझं ७४ किलो वजन पेडलवर टाकूनही नखं निम्मीच आत गेली. पाऊस थांबल्यावरचे फार तर दोन दिवस, वाफसा असतो तेव्हा, काम होतं. जाहिरातीत हे सांगत नाहीत. जाहिरातीतली माती केकसारखी भुसभुशीत असते, तिथे बोटानेही तण निघालं असतं.

आणि याच काळ्या मातीत, वापराच्या एकोणिसाव्या दिवशी, पिन तुटली. पेडल आणि हलणारी नखं जोडणारी जी पिन आहे ती. दांडा मागे झुकवताना पेडल जमिनीवर टेकतं आणि टेकू होतं. टेकूपासून नखं ११ सेंटिमीटर, टेकूपासून मूठ सुमारे ९० सेंटिमीटर. म्हणजे हाताने १० किलोचा जोर लावला की नखांच्या बाजूला ८० किलोच्या आसपास जातो. तो सगळा ज्या पिनवर येतो ती होती ५ मिलिमीटरची, साध्या मऊ लोखंडाची, रिव्हेट मारलेली. तुटलेला भाग बघितला, सरळ कातरल्यासारखा. पहिल्या वर्षाच्या पोराने ड्रॉइंगमध्ये अशी पिन दाखवली असती तर मी वही परत दिली असती.

विक्रेत्याकडे तक्रार केली. परत करायची मुदत दहा दिवसांची, ती संपलेली. मग व्हिडिओ पाठवा म्हणाले, पाठवला. मग खोक्यावरच्या लेबलचा फोटो मागितला, तोही पाठवला. मग ‘तुमचा अनुभव कसा होता’ अशी पाच ताऱ्यांची पट्टी आली. यापलीकडे काही घडलं नाही. सुटा भाग विकतच नाहीत. १,६४९ रुपयांच्या वस्तूत १५ रुपयांची पिन मिळू नये याचा मला तुटण्यापेक्षा जास्त राग आहे.

इथे काहीजण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, औषध मारा. मीही गेलो होतो कृषी सेवा केंद्रात. तिथल्या मुलाने फोटो बघून सांगितलं, “सर, टू-फोर-डी घेऊन जा. गवताला काही होत नाही, रुंद पानाचं तेवढं मरतं.” गव्हात ते वापरतात, त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण माझ्या कंपाउंडच्या पलीकडे शेजारच्या नानांची थॉमसन द्राक्षांची बाग आहे. आणि द्राक्षवेलीइतकं टू-फोर-डीला भिणारं पीक क्वचितच असेल. वाऱ्याबरोबर गेलेला नुसता तुषार लागला तरी कोवळी पानं पंख्यासारखी आखडतात, शिरा जवळ येऊन जाड दिसायला लागतात, शेंडा पिळवटतो. नानांना मी विचारलं तेव्हा ते हसले. म्हणाले, “सर, तुम्ही तुमच्या जागेत काहीही मारा हो. पण वारं माझ्याकडं वाहतंय.” त्यानंतर विषय संपला. तणनाशकाचा पंप बागेच्या पंपापासून वेगळा ठेवायचा हे आमच्या भागात लहान पोरालाही माहीत असतं, तिथे मी ४०० चौरस फुटांच्या हौसेसाठी बागेशेजारी ते फवारणार, हे शोभलं नसतं. त्यातून एकट्या टू-फोर-डीला आंबुशी सहसा दाद देतच नाही. पाला पिवळा पडतो आणि मुळापासून पुन्हा फुटतं.

ग्लायफोसेटचं नावही एकाने काढलं. ते गवत आणि तण असा भेद करत नाही, सगळं लॉन जाईल. शिवाय २०२२ साली केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध आणले आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरताच वापर ठेवला. आणि व्हॉट्सॲपवरचा मीठ-व्हिनेगरचा उपाय करणाऱ्यांना एकच विनंती, मीठ मातीतून बाहेर कसं काढणार ते आधी ठरवा.

मग आंबुशी गेली कशाने? पूर्ण गेलेली नाही, पण नळाच्या कोपऱ्यातून बाहेर पडलेली सगळी आटोक्यात आली. त्यासाठी मी एक जुना, मूठ पिवळी पडलेला लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. टोक ग्राइंडरवर चपटं करून त्यात इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच काढली, सापाच्या जिभेसारखी. मधल्या मुळाच्या शेजारी तिरका खुपसायचा, मूळ खाचेत अडकवायचं आणि दुसऱ्या हाताने पाला धरून हळू वर उचलायचं. मूळ आलं की धुमारे एकेक करून, गवतातून दोरा ओढावा तसे, पेरांसकट सोडवायचे. न्हाणीघरातलं प्लास्टिकचं उंच स्टूल घेऊन बसतो, पाय लांब ठेवतो, गुडघा तक्रार करत नाही. वेळ लागतो. एका संध्याकाळी चादरीएवढा तुकडा होतो. पण ३० रोपांत २६ पूर्ण निघाली. खर्च शून्य, ग्राइंडरची वीज सोडून.

काढलेली आंबुशी मी कंपोस्टमध्ये टाकत नाही. उपटल्यावरही हिरव्या शेंगा पिकत राहतात आणि मग खताबरोबर आपणच बी सगळीकडे नेतो. शेंगवाली रोपं पिशवीत बांधून कचरागाडीला. फूल असताना, शेंग धरायच्या आधी काढली तर निम्मं काम वाचतं. कुंडीतली आंबुशी आधी काढावी. माझ्याकडे ती आली कुठून याचा विचार केला तेव्हा लक्षात आलं, नळाच्या कोपऱ्यात आम्ही नर्सरीतून आणलेल्या कुंड्या उतरवून ठेवतो. नर्सरीच्या कुंडीतून गावभर फिरणाऱ्या तणांत हिचा नंबर फार वर आहे.

आणि लॉन कापायचं मशिन. मी पाती अर्ध्या इंचावर ठेवत होतो, दाढी केल्यासारखं दिसावं म्हणून. आंबुशी त्या पात्याखालून सरपटत जाते, तिचं काही बिघडत नाही. उलट गवत तोकडं झालं की खाली उजेड पोचतो आणि तिचं बी उजेडातच रुजतं. आता पाती दीड इंचावर आहेत. रोज संध्याकाळी शिंपडायचो ते बंद करून आठवड्यातून दोनदा, सकाळी, भरपूर पाणी देतो. गवत दाट झालं. नवी आंबुशी उगवते, पण मोजता येईल एवढीच. हे दोन बदल यंत्र घ्यायच्या आधी केले असते तर कदाचित हे परीक्षण लिहायची वेळच आली नसती.

नळाचा कोपरा मात्र नातीने मागून घेतलाय. सुट्टीत आली होती, तेव्हा तिने तिथे नखाएवढी निळसर-करडी फुलपाखरं जमिनीलगत उडताना पाहिली. त्यांच्या अळ्या आंबुशीचाच पाला खातात. आजोबांनी फुलपाखरांचं घर मोडायचं नाही असा हुकूम झाला. मी दोन फूट बाय दोन फूट जागा विटांनी आखून दिली आहे आणि दर चार दिवसांनी कात्रीने तिथल्या शेंगा कापतो. नातीला सांगितलेलं नाही. सौ. त्याच तुकड्यातून पाला खुडून लसूण-मिरचीबरोबर चटणी वाटते, बाजरीच्या भाकरीबरोबर ती खरोखर चांगली लागते.

तर यंत्र घ्यावं का? तुमच्या लॉनमध्ये एकदांडी, कोवळं गाजर गवत, असली एका ठोस मुळाची तणं असतील, माती लाल किंवा पोयट्याची असेल आणि वाकणं जमत नसेल, तर जरूर घ्या. गाजर गवताला हातमोजे आणि पूर्ण बाह्या असू द्या, उभ्याने काढत असलात तरी. माझ्याकडून या कामासाठी पाचपैकी साडेचार तारे. आंबुशीसाठी, दुधी नावाच्या तणासाठी, कुठल्याही सरपटणाऱ्या तणासाठी घेणार असाल तर पैसे ठेवा खिशात. लव्हाळ्यासाठी तर मुळीच नको, त्याच्या गाठी खाली खोलवर साखळीने असतात, वरचा गोळा काढून त्याला फक्त गुदगुल्या होतात. गुलाबी फुलाची, मोठ्या पानांची आंबुशी कुंड्यांमध्ये दिसते, तिच्या खाली बारीक कांद्यांचा घोस असतो. तिथे हे यंत्र लावलं तर कांदे विखरून दहा पटीने वाढतील. काळ्या मातीवाल्यांनी पावसाळ्याच्या वाफशापुरतीच आशा धरावी. सेवेला मी एकही तारा देत नाही. एकूण साडेतीन लिहायला हात उचलला होता, पिन आठवली, अडीच लिहिले.

ज्यांनी आधीच घेतलंय आणि पिन तुटलीय, त्यांनी यंत्र फेकू नये. उरलेली रिव्हेट ग्राइंडरने घासून पंचने बाहेर काढा. भोक ६ मिलिमीटरचं करा आणि हाय-टेन्साइल बोल्ट घाला, डोक्यावर ८.८ लिहिलेला. मागे नायलॉक नट (हलूनही सैल न होणारा), पूर्ण आवळायचा नाही, नखं सहज हलतील इतकी ढील ठेवायची. दोन्ही पत्र्यांमध्ये एक-एक वॉशर. सगळं मिळून हार्डवेअरच्या दुकानात २० रुपयांच्या आत येतं. ड्रिल मारताना यंत्र व्हाइसमध्ये धरा, हातात धरून मारू नका. मी ‘एकच तर भोक आहे’ म्हणून पायाखाली दाबून मारलं. ते दोन मिलिमीटर तिरकं गेलंय, आणि नखं मिटताना दर वेळी करकर वाजून मला त्याची आठवण करून देतात.